भिंतीचं विरजण

भाडेकरू भिंत चाटतो, ही तक्रार कुठल्या रकान्यात लिहायची ते सुकेशिनीला कळेना.

फोनवरच्या घरमालकांच्या अर्जात सतरा रकाने होते. भाडं थकवतो. दारू पिऊन गोंधळ घालतो. जनावर पाळतो. पोटभाडेकरू घुसवतो. चाटण्याचा रकाना नव्हता. शेवटी तिनं 'इतर'वर बोट ठेवलं आणि लिहिलं, 'वरच्या खोलीतले श्री. अंबय्या येमूल, वय चौऱ्याहत्तर, दररोज सकाळी जिन्याजवळच्या भिंतीला जीभ लावतात. विचारल्यास अजून तुरट आहे असे सांगतात.' लिहिलेलं वाचलं आणि स्वतःच पुसून टाकलं. वाचणाऱ्याला वाटलं असतं, बाईचंच डोकं फिरलंय.

घरमालकीण होऊन तिला अकरा महिने झाले होते. त्याआधी तीस वर्षं ती भाडेकरू. सुकेशिनी रणशृंगारे एसटीत कंडक्टर होती. गाडीत खचाखच भरलेली माणसं ती एका आवाजात मागं सरकवायची, पण खोली बघायला गेली की त्याच आवाजाला कुलूप लागायचं. लोक आडनाव विचारत, मग "बरं बरं" म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी खोली पुतण्याला दिलेली असायची. ज्यांनी दिली त्यांनी दोन-तीन वर्षांत काढूनही घेतली. अशी अकरा घरं झाली. खरं कारण तोंडावर कुणी सांगत नाही, या लोकांत तेवढा दम नसतो. "तुमच्या सवयी आमच्यात बसत नाहीत" म्हणायचं. "जरा स्वच्छतेचं बघा" म्हणायचं. जिची आई यांच्याच गल्ल्या झाडून झाडून मेली, तिला हे सांगायचं.

म्हणून नोकरी सोडताना हाती आलं ते सगळं तिनं घरात घातलं. होटगी रस्त्याच्या पलीकडं नव्या वस्तीत, खाली दोन खोल्या, वर एक. आणि साधंसुधं नव्हे, वारूळ-घर.

आता हे वारूळ-घर म्हणजे काय ते सांगतो. गोष्ट सोपी आहे. ती अवघड करून सांगणाऱ्यांची पोटं त्या अवघडपणावर चालतात. सोलापूरचा उन्हाळा सत्तेचाळीसवर जायला लागला आणि सिमेंटच्या खोल्या भट्ट्या झाल्या, तेव्हा वारूळ नावाच्या कंपनीनं जिवंत गिलावा काढला. काही जिवाणू असे असतात की चुन्यासारख्या जहाल जागी ते सुखानं नांदतात. त्यांना युरिया दिला, शेतात टाकतात तोच, की ते तो फोडतात, आणि त्या खटाटोपात भोवतालच्या चुन्याचा दगड होतो. माती, चुना आणि उसाची चिपाडं यांच्या गाऱ्यात हे जिवाणू मुरवायचे. दुधाला विरजण लावतात तसं. मग भिंतीला तडा गेला की त्यात दमट हवा शिरते, जिवाणू जागे होतात आणि तडा आपला आपण बुजवतात. भिंतीला बारीक भोकं राहतात, त्यामुळं ती माठासारखी पाझरते. बाहेर सत्तेचाळीस, आत एकतीस. महिन्याला एक पुडी पाण्यात कालवून भिंतीला शिंपडायची, तो तिचा खुराक.

फक्त विरजण मेलं की सगळं संपलं. मेलेल्या भिंतीचा दोन पावसाळ्यांत भुगा होतो, आणि या घराला आत लोखंड नाही, सगळा भार भिंतीवर. म्हणून वर्ष भरलं की जिवंतपणाची तपासणी. भिंत मेलेली निघाली तर घर पाडायचं. कागदावर तसं लिहिलेलं होतं आणि सुकेशिनीनं त्यावर सही केलेली होती.

अंबय्या येमूलला तिनं खोली दिली तीसुद्धा हट्टानं. आडनाव विचारायचं नाही, काय खाता विचारायचं नाही, असं तिनं ठरवलंच होतं. तो म्हणाला, "मी रंगारी. निळीचं सूत रंगवतो. एक रांजण सोबत असेल." ती म्हणाली, "असू द्या की." रांजण म्हणजे पाण्याचा असेल असं तिला वाटलं होतं.

तो निळीचा होता. चुना, गूळ, तरोट्याचं शिजवलेलं बी आणि नीळ, असं सगळं घालून आंबवलेला. त्याला वास होता. ओल्या गोठ्यात कुणी पानाचा चुना सांडावा, तसा. जिन्यावर निळे थेंब पडत. दिव्याच्या बटणावर निळं बोट उमटलेलं असे. म्हातारा वेळेवर भाडं द्यायचा आणि बाकी सगळ्या गोष्टींवर भांडायचा. कंपनीनं भिंतीत बसवलेला तपासणीचा दिवा त्यानं पहिल्याच आठवड्यात उपटून तिच्या हातात दिला.

"हे काय केलंत मामा?"

"सारखं डोळा मारतंय. नीळ बिथरते."

"ते भिंतीची नाडी बघतंय."

"मग मी काय बघतो?" असं म्हणून तो वर गेला आणि आतून कडी घातली.

शेजारची जगदेवी कठड्यावर कोपर टेकून रोज हा तमाशा बघायची. ती म्हणाली, "भाडेकरू ठेवलाव का सासरा ठेवलाव बाई?"

तपासणीला सोळा दिवस उरले तेव्हा तहसीन बागवान आली. कंपनीत तिच्या पदाचं नाव लांबलचक होतं, वस्तीत सगळे तिला भिंतीची डॉक्टर म्हणत. तिनं वाटीएवढी चकती बैठकीच्या खोलीच्या भिंतीला दाबून धरली. जिवाणू जगत असले की वायू सोडतात. चकती तो मोजते आणि भिंत किती श्वास घेतेय ते आकड्यात सांगते.

तहसीननं आकडा पाहिला, जागा बदलली, पुन्हा दाबली. स्वयंपाकघरात गेली. परत आली.

"ताई, पॉइंट चार."

"पाहिजे किती?"

"तीन."

सुकेशिनी खाली बसली. गाडी घाटात बंद पडल्यावरही ती कधी खाली बसली नव्हती.

"पुडी वेळेवर देताय ना?"

"तारीख लिहून ठेवलीय प्रत्येक पुडीची. बघ पाहिजे तर."

"मग वरून काहीतरी झिरपतंय," तहसीन म्हणाली. "वर काय आहे?"

दोघी वर गेल्या. कडी वाजवली. आतून अंबय्याचा आवाज आला, "आज नको. नीळ रुसलीय."

"काका, पाच मिनिटं. भिंत मोजायची आहे."

"तिला विचारून उद्या सांगतो."

"कुणाला? भिंतीला?"

"निळीला," असं म्हणून त्यानं आत काहीतरी ढवळायला सुरुवात केली, आणि तो वास दाराच्या फटीतून दोघींच्या अंगावर आला.

सुकेशिनीला आणखी पुरावा नको होता. खाली येऊन तिनं कोरा कागद घेतला आणि नोटीस लिहायला बसली. खोली पंधरा दिवसांत रिकामी करावी, इथपर्यंत पेन झरझर चाललं. पुढं कारण लिहायचं होतं. तिनं लिहिलं, 'तुमच्या सवयी आमच्यात बसत नाहीत. स्वच्छतेचा प्रश्न आहे.'

हात थांबला. ती वाक्यं तिला पाठ होती. आता ती तिच्याच अक्षरात होती, वळणदार, काना-मात्रा जागच्या जागी. तिला स्वतःची शिसारी आली. तरी तिनं कागद फाडला नाही. डोक्यावरचं छप्पर जाणार असलं की माणूस तत्त्वाचं बघत नाही. ज्यांचं छप्पर कधी गेलं नाही त्यांनी यावर बोलू नये.

अंबय्यानं नोटीस उंबऱ्यात उभ्यानं वाचली, चष्मा वर-खाली करत.

"अक्षर छान आहे," तो म्हणाला. "सही कुठं करू?"

ती भांडणाच्या तयारीनं आली होती. त्यानं सही केली. कागदाला निळा अंगठा लागला.

"सोळाव्या दिवशी सकाळी मी बाहेर. पण रांजण उन्हातून नेता येत नाही, पहाटेच न्यावा लागेल. आणि वाकडा करता येत नाही. तुमचा जिना कुणी बांधलाय कोण जाणे, माणूस चढतो तेच नशीब."

दोन दिवसांनी तो सुताची दोरी घेऊन खाली आला. जिन्याचं बाहेरचं दार अरुंद होतं, येताना रिकामा रांजण तिथून आडवा करून आणला होता. आता भरलेला रांजण सुकेशिनीच्या बैठकीतूनच बाहेर काढावा लागणार होता, तिच्या दाराची रुंदी मोजायची होती. अकरा महिन्यांत तो पहिल्यांदा तिच्या घरात पाऊल टाकत होता. उंबऱ्यातच थबकला.

"घरात कुणी आजारी आहे?"

"का?"

"दवाखान्याचा वास येतोय."

"स्वच्छ आहे म्हणून येतोय. तुम्हाला सवय नसेल."

तो पुढं सरकला, भिंतीवरून बोट फिरवलं, आणि ती "अहो मामा" म्हणेपर्यंत जीभ लावून मोकळा झाला. दुसऱ्या क्षणी तो अंगणात होता. नळाखाली तोंड धरून त्यानं चार-पाच चुळा भरल्या आणि परत येऊन तोंड पुसत उभा राहिला.

"फिनेल?"

"हो. आठवड्यातून दोनदा. कोपऱ्यांसकट. छतापर्यंत पुसते, शिडी लावून."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

अंबय्या हळूहळू तिथंच फरशीवर बसला. आधी त्याचे खांदे हलायला लागले, मग पोट. तो हसत होता, खोकत होता आणि परत हसत होता. "मास्तर," एसटीत कंडक्टरला म्हणतात तसं तो तिला मास्तर म्हणायचा, "अगं मास्तर, तू विरजणात फिनेल ओतलंस. आणि वर पुडी घालतीस. मेलेल्या माणसाला रोज जेवायला वाढतीस."

कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेलं होतं, 'रासायनिक द्रव्ये वर्ज्य.' सुकेशिनीनं वाचलं होतं, दोनदा. पण फिनेल म्हणजे रसायन हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. फिनेल म्हणजे फिनेल. आईच्या हाताला यायचा तो वास. घर बदलताना ती सामान लावायच्या आधी फिनेल मारायची, आणि सोडतानाही मारायची, मागून कुणी नाक मुरडू नये म्हणून.

"लोक म्हणायचे," तिनं सुरुवात केली. "अकरा घरांत म्हणायचे, यांचं स्वच्छतेचं बघा. मी म्हटलं, माझ्या घराला कुणी बोलायचं नाही. भिंतीत तोंड दिसलं पाहिजे."

अंबय्याचं हसू थांबलं. तो सांत्वन करणाऱ्यातला नव्हता.

"मग त्या घरमालकांना पुसायचं फिनेलनं," तो म्हणाला. "या बिचाऱ्या जिवाणूंनी काय केलं होतं?"

तिलाही हसू फुटलं. ते नीट हसू नव्हतं, पण होतं.

त्याच दुपारी तहसीन पुन्हा आली. "वास मला पण आला होता ताई," ती कपाळावर हात मारून म्हणाली, "मला वाटलं फरशी पुसलीय. भिंत कोण पुसतं फिनेलनं?" मग अंबय्यानं तिला वरच्या खोलीत घेतलं, नीळ रुसलेली नव्हती. तिनं चकती दाबली. आकडा आठ आला. तिनं चकती झटकली, खिडकीजवळ दाबली. साडेआठ.

"काका, तुम्ही भिंतीला काय घालता?"

"रांजणातली निवळ. जिथं तुरट लागते तिथं थोडी. जिथं गुळमट लागते तिथं नाही."

तहसीननं रांजणात डोकावून पाहिलं. वर निळा फेस, तांब्याच्या रंगाची साय, खाली पिवळट हिरवं पाणी. तिचे डोळे मोठे झाले. तिनं सांगितलं ते असं. नीळ पाण्यात विरघळत नाही. तिला विरघळवतात तेही जिवाणूच, आणि तेही चुन्यात राहणारे. म्हणजे रांजणातले आणि भिंतीतले एकमेकांचे चुलतभाऊ. कंपनीनं लाखो प्रयोगांत जी खिचडी शोधली, ती हा माणूस पन्नास वर्षं जिभेवर सांभाळून होता.

"आणि माझ्या भिंतीचं?" सुकेशिनीनं विचारलं. "मेलीच का ती?"

"फिनेलनं जिवाणू मरतात. पण संकट आलं की त्यातले काही स्वतःभोवती कवच करून झोपतात. त्याला बीजाणू म्हणतात. त्यांना फिनेल काही करत नाही. पॉइंट चार म्हणजे कुणीतरी झोपलेलं आहे खाली. आमच्या पुडीनं ते उठतील असं वाटत नाही. भावकीनं हाका मारल्या तर..." ती थांबली. "पण हे आमच्या पुस्तिकेत नाही."

"मग पुस्तिका बंद कर," अंबय्या म्हणाला.

तहसीननं पिशवीची चेन ओढली. "केली."

आधी साध्या पाण्यानं भिंती दोनदा धुतल्या. मग अंबय्यानं रांजणातली निवळ बादलीत काढली आणि सुकेशिनीच्या हातात कुंचा दिला. जगदेवी कठडा ओलांडून आत आली, तिला बोलवावं लागत नसे. कुंचा फिरला तशी भिंत पोपटी झाली, कोवळ्या चिंचेच्या पाल्यासारखी. आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, हवा लागेल तसतसा तो पोपटी रंग हिरवा झाला, मोरपंखी झाला, निळा झाला. कुणी काही न करता.

"अगं बाई," जगदेवी म्हणाली, "भिंतीला पालवी फुटून लगेच जांभळं लागली की."

"एकसारखं ओढ," अंबय्या सुकेशिनीवर खेकसला. "तिकीट फाडल्यासारखं काय करतीस?"

तिसऱ्या दिवशी आकडा पॉइंट चार. पाचव्या दिवशी पॉइंट चार. सुकेशिनीनं जेवण कमी केलं आणि अंबय्यानं बोलणं वाढवलं. गूळ हलका आहे म्हणून तिला बाजारात दोनदा परत पाठवलं, तरोट्याचं बी नीट शिजलं नाही म्हणून परत शिजवायला लावलं. नवव्या दिवशी सकाळी ती उठली तर बैठकीत वास. झणझणीत, नाकात शिरणारा. तिचा हात सवयीनं फिनेलच्या बाटलीकडं गेला. मग थांबला. मग ती जिन्याच्या तळाशी जाऊन ओरडली, "मामा, घरात मुतारीसारखा वास सुटलाय."

वरून धडधडत म्हातारा खाली आला. त्यानं नाक वर करून ओढून श्वास घेतला, आंब्याचा मोहोर हुंगावा तसा. युरिया फुटला की अमोनियाचा वायू सुटतो. भिंतीतले जागे झाले होते आणि पोटभर जेवत होते. तहसीन आली, आकडा एक पॉइंट सहा. अकराव्या दिवशी दोन पॉइंट दोन. साऱ्या वस्तीत बातमी गेली, आणि आयुष्यभर वास येऊ नये म्हणून जीव टाकणारी सुकेशिनी रणशृंगारे आल्यागेल्याला हाताला धरून आत आणायची आणि म्हणायची, "घ्या वास. लाजू नका, घ्या." लोक वास घ्यायचे, नाक दाबायचे आणि चहा पिऊन जायचे. खोलीत इतका गारवा होता की जगदेवी दुपारची भाजी निवडायला तिथंच बसायला लागली.

सोळाव्या दिवशी तपासनीस आला. रुमालानं नाक झाकून त्यानं चारही भिंतींना चकत्या लावल्या. तीन पॉइंट नऊ. वर आठ पॉइंट सात. "हा रंग कुठला?" त्यानं विचारलं. तहसीन म्हणाली, "मालकिणीची आवड." त्यानं शिक्का मारला. घर राहिलं.

तपासनीसाला सोडून सुकेशिनी वळली तर जिन्याखाली वळकटी, पत्र्याची पेटी आणि सुताच्या चार लडी. अंबय्या पेटीवर बसला होता.

"हे काय?"

"सोळावा दिवस. तपासणीआधी बैठकीतून रांजण नेताना भिंतीला धक्का लागला असता म्हणून पहाटे नेला नाही. उद्या पहाटे नेतो. मी आत्ता निघालो."

"मामा, कुठं निघालात? ते मी रागात लिहिलं होतं."

"तू लिहिलंस, मी सही केली. शब्द आहे."

तिनं नोटीस आणली आणि फाडायला घेतली. त्यानं हात धरला.

"फाडायचं नाही. कागद आहे, मागची बाजू कोरी आहे. तिथं नवा करार लिही." त्यानं नोटीस उलटीसुलटी करून पाहिली. "पुढच्या बाजूची कारणाची पहिली ओळ पण राहू दे. सवयी बसत नाहीत, ते खरंच आहे. स्वच्छतेची तेवढी खोड."

तिनं खोडली. तीन वेळा, कागद फाटेपर्यंत.

"आता माझ्या अटी," म्हातारा म्हणाला. "जिन्याचा कठडा दुरुस्त करायचा. मला बोलवायला तुझी ती कंडक्टरची घंटा वाजवायची नाही, हाक मारायची. जगदेवीला भाजी निवडताना गायला बंदी."

"मी कुठं गाते?" बाहेरून आवाज आला.

"आणि रांजण शिकायचा. माझी जीभ किती वर्षं पुरणार? रोज सकाळी वर यायचं, रांजणात हात घालायचा. पण साबणाचा हात चालत नाही, नीळ फाटते. हात न धुता यायचं."

सुकेशिनीचं पेन इथं अडखळलं. बाकीच्या अटी तिनं निमूट लिहिल्या होत्या.

"पाण्यानं तरी?"

"न धुता."

तिनं लिहिलं. त्याखाली दोघांनी सह्या केल्या, आणि जगदेवीनं कुणी न सांगता साक्षीदार म्हणून केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भाकरी थापत होती तेव्हा वरून हाक आली. तिचे पाय आपोआप मोरीकडं वळले. नळाला हात लावला आणि तिनं तो मागं घेतला. हाताला ज्वारीचं पीठ होतं, बोटांत शेंगाचटणीचं तिखट, तळव्याला चुलीजवळचा घाम. तशीच ती जिना चढली आणि उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली. अकरा घरमालकांच्या दारात ती अशीच उभी राहिली होती, पण तेव्हा हात घासून घासून पांढरे केलेले असायचे.

"आत ये की. हात बघू."

तिनं दोन्ही हात पुढं केले. अंबय्यानं चष्मा खाली ओढला, तळवे उलटे केले, सुलटे केले, बोटांच्या बेचक्यांतलं पीठ पाहिलं आणि वास घेतला.

"चटणी कमी खा," तो म्हणाला. "बाकी चालेल. घाल."

रांजणातलं पाणी कोमट होतं. तिनं कोपरापर्यंत हात घातले.